तीन चेंडू

४ फेब्रुवारी
सकाळी पुन्हा ते खेळणं समोर! तीन नळ्या, तीन चेंडू, एक पाइप. पाइप तोंडात धरायचा, श्वास आत ओढायचा, की चेंडू वर जातात म्हणे. एक उचलला. तोही लगेच खाली. डोकंच सटकलं. तीस वर्षं फुंकणीने ज्योत वळवून केसाएवढ्या सोन्याच्या कड्या सांधल्या मी — आणि आता हे प्लास्टिकचे चेंडू माझी परीक्षा घेणार!

अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले. हात वळायला लागला, पायही. फुंक तेवढी गेली ती गेलीच. डाव्या गालातून हवा निसटते.

६ फेब्रुवारी
पेढीच्या मालकांचा निरोप. महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग तुमच्या जागी दुसरा कारागीर बसवतो. थांबतो म्हणे! उपकारच केले.

९ फेब्रुवारी
जमलं! तिन्ही वर! दहा वेळा! बायकोने वहीत मांडून ठेवलं.

१३ फेब्रुवारी
फजिती. व्यायाम शिकवणारी पोरगी आली, म्हणाली करून दाखवा काका. मी यंत्र उलटं धरलं, डावा गाल बोटाने दाबला आणि मस्त फुंकलं. तिन्ही वर. ती हसू दाबत राहिली. ओढायचं असतं काका, फुंकायचं नाही, छातीला बळ ओढण्याने येतं.

चार दिवस पाण्यात. मग आधी सांगायला काय झालं होतं, असं तिच्यावरच खेकसलो. सांगितलं होतं तिने. मीच मानलं नव्हतं. सोनाराला श्वासाचं कोण शिकवणार, या तोऱ्यात होतो.

१७ फेब्रुवारी
ही समोर बसून आकडे मोजते. एक, दोन... आणि मध्येच थांबते! तेवढ्यात माझा श्वास सुटतो. धड मोजताही येत नाही का, म्हणून ओरडलो. जिन्यातही तेच. प्रत्येक वळणावर कठडा धरून उभी. मी काय पांगळा आहे, माझ्यासाठी थांबायला? खूप बोललो.

२२ फेब्रुवारी
दोन चेंडू. खरे. तिसरा नुसता थरथरतो, मेला.

२५ फेब्रुवारी
आज तोल गेला. ही म्हणाली, जरा जोर लावा. जोर लावा! पाइप तिच्या हातात कोंबला आणि म्हटलं, "तूच करून दाखव."

नको नको म्हणत होती. मी हट्टाला पेटलो. शेवटी तिने डोळे मिटून ओढलं. पहिला चेंडूसुद्धा हलला नाही. पुन्हा ओढलं. नाहीच. मला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून पुसून मी ओढून बघितलं. दोन वर.

"मला कुठे सवय आहे," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. ओठ निळसर झाले होते तिचे. किती दिवस तसे होते, कोण जाणे. मी बघितलेच नव्हते.

२६ फेब्रुवारी
दवाखाना. या वेळी पेशंट ही. हृदय थकलंय, छातीत पाणी साठलंय, चार महिने तरी दम लागत असणार, असं डॉक्टर म्हणाले. दाखल करून घेतलं. मग मला विचारलं, "घरी यांच्याबरोबर कोण असतं?"

"मीच," म्हटलं.

२८ फेब्रुवारी
ही सोमवारी घरी येते. मालकांना सांगितलं, दुसरा कारागीर बसवा.