कापलेली शांतता

कारेलीबाग, बडोदे
८ नोव्हेंबर १९९४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा दिवाळी अंक मिळाला. तुझ्या संपादनाची किळस आली, हे आधी लिहून मोकळी होते.

माझ्या विज्ञानकथेतली आई पृथ्वीवर, मुलगा मंगळाजवळच्या यानात. ती विचारते, परत येशील ना? आवाज पोचायलाच कितीतरी मिनिटं, उत्तर यायला तितकीच. तेवढ्यात गवार करपते, वास घरभर होतो, तरी ती उठत नाही. मुलगा गप्प बसलाय असं वाटून अखेर नको येऊस म्हणते. मग त्याचा होकार येतो, पण तिचा नकार निघून गेलेला असतो.

तू गवार कापलीस, वाट पाहणं कापलंस, होकार वर घेतलास. आता मुलगा येतो म्हणतो आणि आई लगेच नको म्हणते! उरलेल्या जागेत अगरबत्तीची जाहिरात. शी!

जूनमध्ये नाक्यावरच्या बूथवरून आईने वरदला अमेरिकेत फोन केला, तेव्हा हेच झालं ना रे? तिकडून आवाज जरा उशिरा येतो, हे तिच्या गावीही नव्हतं. त्याचा होकार मी शेजारून ऐकला. तिच्या नकाराखाली तो दबला. दोघांना समजावून थकले, दोघंही फुगलेलेच. म्हणून ही गोष्ट लिहिली. हा अंक त्याला पाठवू नकोस.

आज लोभाचं काही लिहवत नाही.

निरुपमा

पुणे
१४ नोव्हेंबर १९९४

चि. निरूस,
अ. उ. आ.

अगं, किती चिडशील! प्रश्न विचारून झाल्यावर पाऊण पान भाजीच करपते. वाचक म्हणेल, हे पाककृतींचं सदर आहे का? संवाद कसा चटचट हवा. अंक खपतोय बरं का.

वरदला मात्र दिवाळीआधीच विमानटपालाने पाठवला, ताईची गोष्ट आधी वाच अशी चिठ्ठी लावून. त्यात एवढं काय बिघडणार आहे?

आईला नमस्कार. राग ओसरला की जुना लोभ पुढे चालू कर.

लक्ष्मीकांत

ह्यूस्टन
१८ नोव्हेंबर १९९४

ती. ताईस,
सा. न.

दादाने पाठवलेली तुझी गोष्ट वाचली. माझा होकार आईला ऐकूच आला नव्हता, असं तू जूनपासून पटवत होतीस. शेवटी पटलं. तुम्हाला न कळवता जानेवारीचं तिकीटही काढलं होतं.

तुझ्या गोष्टीतली आई मात्र होकार नीट ऐकते आणि मग नको म्हणते. फोनच्या वेळी तू तिच्या शेजारीच होतीस. पाहिलं तेच लिहिलं असशील. मला सरळ सांगायचं होतंस. खोटी समजूत घालून मग छापून कळवलंस, याची शिसारी आली.

तिकीट काल परत केलं. आईला नमस्कार सांग. ती काय म्हणाली ते कळवू नकोस.

वरद