खणातला बाण

गुरुवार, ४ जुलै. तावांगमांगू, डोंगरावरचं हॉटेल.

नापास व्हायचं ठरवून आले आहे!

परवा लेकीच्या, रेत्नोच्या स्वयंपाकघरात चहा घेत बसले होते. ती बाहेर नवऱ्याशी फोनवर बोलत होती — "आधी चार दिवस दोघींना एका खोलीत राहू देत. जमतंय का बघू. मग हळूच विषय काढू." दोघी म्हणजे मी आणि विहीणबाई. विषयही कळला. जावयाची, फौझानची बदली बालिकपापानला, समुद्रापलीकडे. लेक-जावई गेल्यावर मागे दोन विधवा, दोन गावांत, दोन घरांत एकट्या. मुलांच्या जिवाला घोर. विहीणबाईंचं सोलोचं घर म्हणजे बाटिकवाल्यांचं, मागे रंगाच्या हौदांसकट. माझं आंबारावाचं चार खोल्यांचं. कुणाचं घर विकायचं हे सांगायला ज्योतिषी नको.

मी नाही जाणार. ह्यांनी लावलेली कॉफीची झाडं, ह्यांची पेटी, स्वयंपाकघरात ऐकू येणारी चर्चची घंटा — हे सोडून? पण मुलीला तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नाही. तेव्हा जमायलाच नको. इतकं वाईट वागायचं, की विहीणबाईंनीच हात जोडावेत.

वसतिगृहातल्या सिस्टर लिडविना वरून बघत असतील तर क्षमा असावी. पाहुणी म्हणून कसं बसावं, कसं खावं, नको ते कसं गोड बोलून नाकारावं — सगळं त्यांनी शिकवलं. वाईट वागायचं तेवढं शिकवायचं राहून गेलं.

तोच दिवस, जेवणानंतर.

हॉटेल शरियाचं. काउंटरवरच्या मुलीनं हसतमुखानं रेत्नो-फौझानकडे निकाहाचं पुस्तक मागितलं. पुस्तक घरी! दहा वर्षांचा संसार, मधे उभी सात वर्षांची साल्वा, आणि पुरावा नाही. शेवटी दोघांच्या ओळखपत्रांवर एकच पत्ता निघाला तेव्हा किल्ली मिळाली.

विहीणबाई मला म्हणाल्या, "आणि आपल्या दोघींना कुणी विचारत नाही ते!"

मुलगी लाजली. मला हसू आलं — आवरलं. सुरुवातीलाच हसून कसं चालेल?

खोलीत शिरल्याबरोबर त्यांनी मला खिडकीजवळची खाट दिली. "तुम्ही घ्या, ताई. डोंगराची हवा लागेल." मी घेतली. 'नको नको' सुद्धा म्हटलं नाही! मग पिशवीतून मारियामातेची मूर्ती काढली, ह्यांचा फोटो काढला, आणि दोन्ही खिडकीच्या कट्ट्यावर मधोमध मांडलं. शरिया हॉटेलात. मुद्दाम. हा पहिला पेपर.

विहीणबाईंनी बघितलं. म्हणाल्या, "फोटो छान आलाय." बस्स.

साल्वा हट्ट करून आमच्याच खोलीत झोपायला आली. तिसरी खाट आणली गेली, तिला जागा करायला लिहायचं टेबल ओढून दुसऱ्या भिंतीला लावलं.

मगरीबची, दिवस मावळतीची अजान झाली. विहीणबाईंनी टेबलाचा खण उघडला — अशा हॉटेलांत मक्केच्या दिशेचा बाण खणातच चिकटवलेला असतो — आणि बाणाच्या रोखानं चटई अंथरली. कपाटाकडे तोंड. मी जपमाळ घेऊन गुपचूप बाल्कनीत गेले. समोर खाली सोलोच्या मैदानावर सूर्य नुकताच बुडाला होता, आभाळ लालभडक. आणि विहीणबाई आत भलतीकडेच वाकत होत्या! हे जन्मभर भूगोल शिकवायचे, तेव्हा इतकं मलाही कळतं — आपल्याकडून मक्का मावळतीला. बाण बरोबर होता. टेबल फिरलं होतं.

सांगावं का? नाही सांगितलं. मी कोण सांगणारी? शिवाय नापास व्हायचंय ना.

पण घास गोड लागला नाही.

शुक्रवार, ५ जुलै.

विहीणबाई खोलीत नमाज पढत नाहीत आता. कालच्या इशापासून, म्हणजे रात्रीच्या नमाजापासून, खाली जातात.

पहाटेची अजान झाली, मी झोपेचं सोंग घेतलं. त्यांनी साल्वाचं पांघरूण सारखं केलं, पांढरा नमाजी झगा काखेत मारला आणि निघाल्या. प्रार्थनेची खोली बागेच्या पार खाली आहे. पायऱ्या दगडी, धुक्यानं ओल्या. त्यांचा उजवा गुडघा कधीच कामातून गेलेला. मागोमाग बाल्कनीत जाऊन ऐकलं मी — एका पायरीला "बिस्मिल्ला", पुढच्या पायरीला "आई गं", मग परत "बिस्मिल्ला".

कारण उघड आहे. मूर्ती. त्या खोलीत त्यांना नमाज नकोसा वाटतो.

म्हणजे जिंकले की मी! मग इतकं का टोचतंय?

रेत्नोनं लग्नासाठी धर्म बदलला तेव्हा मी देवघरात बसून रडले होते. लग्नाच्या मांडवात विहीणबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ती माझ्याकडे आली, पण तुमच्यातून वजा नाही झाली." त्या वाक्यावर मी दहा वर्षं काढली. आणि आता माझी वीतभर मारियामाता त्यांना खोलीत चालत नाही?

शुक्रवार, नंतर.

सकाळी पोहण्याच्या तलावावर बायकांची वेळ होती. दारावर जाड पडदा, बाहेर बाईच पहारेकरी. आत काय गोंधळ! ओढण्या-झगे उतरवलेल्या बायका, तेलकट वेण्या, ढेऱ्या, किंकाळ्या. कुणी कुणाला पाण्यात ढकलतंय, कुणी काठावर बसून सासूची नक्कल करतंय. मी आपली टॉवेल घट्ट गुंडाळून उभी. आणि एकदम वाटलं — हे तर आमचं वसतिगृह! अंघोळीच्या हौदावर हाच आवाज. पुरुष फाटकाबाहेर. घंटेऐवजी अजान, बाकी सगळं तेच.

आमच्या वर्गात रुकय्या म्हणून एक होती. आम्ही दुपारची प्रार्थना सुरू केली की ती व्हरांड्यात जाऊन उभी राहायची. मुली म्हणायच्या, "बघा, हिला आपली प्रार्थना नको!" सिस्टर लिडविना म्हणाल्या, "तिला नको म्हणून नव्हे. तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून ती उन्हात उभी आहे." कुठे असेल रुकय्या? असेल का?

साल्वा ओरडली, "आंबारावाची आजी, उडी मार! सोलोची आजी घाबरट आहे!"

सोलोची आजी पहिल्या पायरीवर पाय बुडवून बसली होती. म्हणाली, "घाबरट नाही गं, शहाणी. माझा गुडघा बुडाला तर वर कोण काढणार? तुझी ही आजी? ती तर माझ्याशी दोन दिवस धड बोललीही नाही!"

हसत म्हणाल्या. पण म्हणाल्या.

शुक्रवार, संध्याकाळ.

परत खाली गेल्या. पाऊस भुरभुरतोय.

शनिवार, ६ जुलै.

सविस्तर लिहिते. हात अजून हळदीनं पिवळे आहेत.

रेत्नोनं दोघींसाठी स्पा ठरवून ठेवला होता. हाही पेपरच असणार. बायकांचा वेगळा विभाग, आल्याच्या पाण्याचा वास. आधी पाय गरम पाण्यात, मग तांदूळ-हळद-चंदनाचं उटणं. लग्नाआधी आईनं लावलं होतं तसंच. डोळे भरून आले, मी उटणं डोळ्यांत गेल्याचं सांगितलं.

शेजारच्या खाटेवर विहीणबाई. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांचे केस मोकळे पाहिले. कंबरेपर्यंत, पांढरेशुभ्र! मी बघतच राहिले.

"काय बघता? म्हातारी दिसते ना?"

"छे! एवढे केस झाकून ठेवता?"

"झाकलेलं टिकतं हो," त्या म्हणाल्या, आणि मालिशवालीही हसली.

मग मधूनच विचारू लागल्या. तुमच्या घरी पायऱ्या आहेत का? पाणी फार गार असतं का आंबारावाला? अजान ऐकू येते का तिथं? मी म्हटलं, मागच्या खोलीत येते, बाजारापलीकडे मशीद आहे. पायऱ्या नाहीत. मनात म्हटलं — घराची किंमत लावतायत. एवढ्यात मालिशवालीनं त्यांचा गुडघा वाकवला आणि त्या "आई गं!" म्हणून कळवळल्या. तीच. पायरीवरची.

मला राहवलं नाही. "विहीणबाई, एक सांगू? रागावू नका. खोलीतला बाण चुकीचा आहे. टेबल हलवलंय. मावळत बाल्कनीकडे आहे. गुरुवारीच दिसलं मला, तेव्हाच सांगायला हवं होतं."

त्यांचं मग पोट हलायला लागलं. हसत होत्या!

"मला ठाऊक आहे हो! नमाज संपवून मान वळवली, तर काचेत मावळतीचं लाल आभाळ. जुलैत तर सूर्य बरोब्बर आमच्याच दिशेला बुडतो. स्वतःलाच म्हटलं, मुफ्लिहा, हजला जाऊन आलीस आणि कपाटापुढे वाकलीस!"

"मग बाल्कनीकडे तोंड करून पढायचं ना! त्या पायऱ्या कशाला?"

"तिकडे तुमचा कट्टा आहे."

"मूर्ती," मी म्हटलं.

"मारियामबाई आमच्याही आहेत, ताई. कुराणात त्यांच्या नावाचा अख्खा अध्याय आहे. तरी समोर मूर्ती ठेवून वाकायचं नसतं आम्हाला. आणि खरं सांगू? तुमचे यजमान! ते इतके टक लावून बघतात, परक्या पुरुषापुढे वाकायची लाज वाटते हो!"

मालिशवालीनं तोंडावर टॉवेल धरला. मी हसले की रडले ते मलाच कळलं नाही.

"मला सांगायचं होतंत. एका मिनिटात उचललं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं. तुम्ही उचललं असतं, पण नवऱ्याला घरातून उठवल्यासारखं वाटलं असतं तुम्हाला. माझेही गेलेत, ताई. मी जाते खाली, म्हटलं. तेवढीच तुमची जपमाळ निवांत होईल. रोज थंडीत बाल्कनीत बसून करता ना?"

मी बाल्कनीत, त्या पायऱ्यांवर. आणि खोली रिकामी! रुकय्या, तू एकटीच नव्हतीस गं.

शनिवार, संध्याकाळ.

मगरीबच्या आधी मारियामाता आणि ह्यांना उचललं, आणि खण उघडला.

"खणात नका ठेवू, गुदमरतील! माझ्या पाठीमागे ठेवा. तिकडून बघू देत काय बघायचं ते."

मग माझ्या खाटेशेजारच्या टेबलावर ठेवलं. विहीणबाईंनी खिडकीसमोर चटई टाकली. मी मागे खाटेवर जपमाळ घेऊन बसले. त्या पुटपुटतायत, मी पुटपुटतेय. वाकताना त्यांचा गुडघा कटकन वाजला, मी माळेचे दोन मणी चुकले. साल्वा दोघींकडे बघत मधल्या खाटेवर पालथी पडून होती. म्हणाली, "हळू बोला ना दोघी. देवाला एका वेळी दोघींचं कसं कळणार?"

"त्याला सवय आहे," विहीणबाई नमाजाचा शेवटचा सलाम फिरवून म्हणाल्या.

रविवार, ७ जुलै. परतीच्या गाडीत.

ठरलं. नापास व्हायला आले होते, होता आलं नाही. रेत्नोनं विचारलं की हो म्हणायचं. ह्यांची पेटी सोलोला नेता येईल. कॉफीची झाडं नाही नेता येणार. कलम लागेल का तिथल्या उष्म्यात?

निघताना विहीणबाई माझ्या खाटेवर बसून खिडकीबाहेर बघत होत्या. म्हटलं, "चला, विसरलं नाही ना काही?" म्हणाल्या, "मी आता कुठेही काही विसरत नाही, ताई. आधीच बांधून ठेवते." चेहरा कसा तरी दिसला. गुडघा दुखत असेल.

रेत्नोनं वाटेत विषय काढलाच नाही.

मंगळवार, ९ जुलै. आंबारावा.

झाडाझाडाला हात लावून आले. वेडी.

शनिवार, १३ जुलै.

रेत्नो आली. तिनं तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "सोलोला जायला तयार आहे मी. माझ्या घराला गिऱ्हाईक बघा."

ती रडायलाच लागली. "आई, सोलोचं घर आहे कुठे? फौझानच्या चुलत्यांनी वाटणी मागितली, ईदनंतर विकलं. आईंना जायला जागा नाही. तुला विचारायचा धीर होत नव्हता."

"त्यांना हे ठाऊक होतं? तिथं, हॉटेलात?"

"त्यांनीच सांगितलं होतं — आधी ताईंना चार दिवस माझ्यासोबत राहून बघू देत. त्यांना अडचण झाली तर विचारूच नका."

म्हणजे परीक्षा माझी नव्हतीच.

संध्याकाळी मागच्या खोलीत उभी राहिले. सूर्य कॉफीच्या झाडांमागे गेला. त्याच्या रोखानं पेन्सिलीनं बाण काढला. खणात नाही. भिंतीवर.