खाडीतली शर्यत

तोंडवली, ता. २० जुलै १९६२

ती. भाईस धाकट्या आनंदीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल असे लिहायची रीत आहे, पण तसे नाही. गावकीने यंदा नारळी पुनवेला होड्यांची शर्यत पुन्हा धरायचे ठरवले. आपला सत्यवान बुडाला त्याला चार वर्षे झाली, आता पुरे, म्हणतात. तोंडवलीच्या होडीत पुढचे वल्हे ह्यांच्यासारखे कोणाला जमत नाही. हे नको म्हणाले, तर रापणीच्या जाळ्यातल्या मासळीचा वाटा बंद करू असा निरोप आला. मग मुलांना काय घालू?

सत्यवान गेला त्या दिवसापासून ह्यांनी वल्ह्याला हात लावलेला नाही. किनाऱ्यावर उभे राहून जाळ्याचा दोर तेवढा ओढतात. आणि आता शर्यतीत बसले तर रेवंडीत बाबा काय म्हणतील? खाडीपलीकडे आईने वाळत घातलेले लुगडे मला इथून ओळखू येते, पण चार वर्षांत माहेरी पाऊल टाकता आले नाही. तू सांगशील तसे करू.

माया आहे तशीच ठेव.

आनंदी

मुंबई, ता. ३० जुलै १९६२

चि. सौ. आनंदीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचल्यापासून कामात लक्ष नाही. ही शर्यत आजोबांच्याही आधीची. रस्ता नव्हता तेव्हा दोन्ही गावांचे भात, नारळ वल्ह्यांवरच मालवण बंदरात जायचे. आधी पोचेल त्याचा माल आधी उतरायचा, त्या चुरशीतून शर्यत आली. आता लाँच फिरते, तरी वल्ह्याची ऐट गेली नाही. त्या ऐटीतच आपला भाऊ गेला.

मी काठावर होतो. सत्यवानाची रेवंडीची आणि लवूरावांची तोंडवलीची, दोन्ही होड्या एकमेकींवर आल्या तेव्हा कोण वळला नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पण सत्यवानासाठी पहिली उडी लवूरावांनी टाकली, हे मी पाहिले. बाबांनीही पाहिले. तरी जावयाने मुलाचा जीव घेतला, हेच धरून बसलेत.

लवूरावांना वल्हवू दे. बाबांना मी वेगळे लिहितो. ऐकतील असा भरवसा मात्र धरू नकोस.

मुलांना जवळ घे माझ्या नावाने.

तुझा भाई

तोंडवली, ता. १८ ऑगस्ट १९६२

ती. भाईस आनंदीचा शि. सा. न.

शर्यत झाली. आपली होडी हरली. आपली म्हणजे तोंडवलीची. तू हसशील, पण मला अजून लिहिताना अडायला होते.

अर्ध्या वाटेपर्यंत तोंडवली पुढे होती. सत्यवान बुडाला तिथे रेवंडीची होडी जवळ आली आणि ह्यांनी वल्हे वर उचलून धरले. ती पुढे निघून गेली तरी खाली घातले नाही. सासुरवाडीला मुद्दाम जिंकवले म्हणून काठावर लोक नाही नाही ते बोलले. वाट्याचे काय करायचे ते गावकी अजून ठरवते आहे.

तिन्हीसांजेला अंगणात बाबा उभे. एकटेच लहान होडी वल्हवत आले होते. पाय धुतले, ओटीवर बसले. माझ्याकडे पाहिले नाही. तुझे पत्र मिळाले का, विचारायचा मला धीर झाला नाही. मग ह्यांना म्हणाले, "माजे हात भरान इले. माका पल्याड सोड."

हे उठले. वल्ही ह्यांच्या हातात, बाबा समोर बसलेले. होडी दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत राहिले. जेवणवेळ टळली तरी हे परतले नाहीत, तेव्हा मी कंदील घेऊन काठावर जाऊन बसले.

सकाळी आले, ते बाबांच्याच होडीतून. आईने वाढले म्हणाले. बाबा जेवले नाहीत, पण ह्यांचे होईपर्यंत समोर बसून राहिले. निघताना ह्यांना म्हणाले, होडी गणपतीच्या चवथीक परत घेवन ये, एकटो येव नको.

तुझ्या पायांपाशी,
आनंदी