देवाच्या बैलाचं गोत

३ जानेवारी
तांड्याच्या सभेसाठी आरंभ लिहिला: 'गोरमाटी बंजारा भावंडांनो, ज्या बैलांच्या पाठीवर आपल्या बापजाद्यांनी मीठ अन् धान्य वाहिलं, त्यांची ही जात. सरकारदरबारी तिला नाव नाही. गावठी म्हणतात अन् पुढे जातात.' टाळ्या पडतील.
पण आज चांदी गाय व्याली अन् वासरू उभंच राहीना. मागच्या वर्षी तिच्या बहिणीचं आंधळं निघालं होतं. याचं खापर सरकारवर कसं फोडू? आरंभ अर्धाच ठेवला.

५ जाने.
कळंबहून गुरांचे डॉक्टर आले. तरुण, नीट बोलणारे. वळू कुठला, विचारलं. एकच, सरदार. देवाच्या नावाने सोडलेला म्हणून खच्ची केला नाही. बाकी सगळे नांगराला.
"म्हणजे चांदीचा बाप तोच, आणि तिच्या वासराचाही तोच?"
हो म्हटलं. सोयरीक जुळवताना आम्ही गोत विचारतो, आजोळचंही विचारतो. गोठ्यात कुणी विचारलं नाही. मीही.
संकराची, परजातीच्या बीजाची सुई नको म्हटलं, जात बुडेल. त्यांनाही पटलं. कळंबकडच्या एका तांड्यात याच जातीचा वळू आहे, रक्त वेगळं. तेही असेच अडलेत. अदलाबदल करा म्हणाले. लवकर.

६ जाने.
भियाकडे गेले. आज तो मोठा भाऊ नाही, तांड्याचा नायक, असं मनाशी ठरवून.
"देवाच्या बैलाले गोत नसते, बाई."
"वासराले असते ना?"
"हे सभेत बोल. मले भाषण कायले देऊन राह्यली?"
चिडले. बैल देवाचा आहे की तुझा, विचारलं. बराच वेळ दोर वळत बसला. मग म्हणाला, "तुह्या भावजयीचा."
आई मेलेलं वासरू वहिनीने बाटलीने दूध पाजून जगवलं, तिनेच देवाला वाहिलं. ती गेली. सरदार आहे. हे मला ठाऊक होतं. तरी विचारलं.

९ जाने.
माळावर बसले. चांदी, तिची आई, बहीण, तिघी लागून रवंथ करत. वासरू मध्ये निजवलेलं, म्हातारी त्याला चाटत होती. माद्यांची माया कळप धरून ठेवते. नराला मात्र जावं लागतं. रोह्याचा, म्हणजे नीलगाईचा, नर वयात आला की आईचा कळप सोडतो. वानराच्या पोराला तर टोळीतून हाकलतात. पुस्तकांत कितीदा वाचलं, सभांत सांगितलंही. सरदारला जायला आम्ही जागाच ठेवली नाही. मायेपोटी, हे खरं.
संध्याकाळी वासरू गेलं. भियाने स्वतः खड्डा खणला. कुणाला हात लावू दिला नाही.

११ जाने.
लोहाऱ्याचे सलीमभाई, आमचा ट्रॅक्टर दुरुस्त करणारे. त्यांची पिकअप मागितली.
"ताई, गाडी तुमचीच. पण मी बैल घेऊन निघालो तर रस्त्यात कोन काय समजन? नायकाले पुढं बसवा, मग दिल्लीले नेतो." हसले. मला हसू आलं नाही.
भियाला सांगितलं.
"गाडीत कायले? आपले बैल कधी गाडीत गेलते का?"
नाही म्हणाला नाही. थोड्या वेळाने, पाठ फिरवून: "तिकडं उन्हाळ्यात पानी राह्यते काय?"
राहतं म्हणाले. खरं तर विचारलेलं नाही. विचारायला हवं.

१२ जाने.
कळंबकडच्या त्या तांड्यात फोन केला. नाला आटतो, पण विहीर आहे, गुरांना प्यायला हाळ भरलेला असतो. तसंच भियाला सांगितलं. ऐकलं.

१३ जाने.
उद्या सभा. लिहिलेलं बाजूला ठेवलं. सरकारशी भांडेन, नंतर. सारा तांडा माझ्या बाजूने उभा करणं अवघड नाही, पण भावाला चारचौघांत हरवून बैल नेला, तर पुन्हा कुणी देवाला वळू सोडणार नाही. अन् तो माझ्याशी...
उभी राहीन, त्याच्याकडे बघेन, एवढंच म्हणेन: भिया, बुधवारी सकाळी सरदारचं दावं तू सोड, अन् तूच त्याले कळंबपावतर पायी ने. मी संगं चालते.