गोळी म्हणजे फवारणी नव्हे

मखमलाबाद, नाशिक
१७ ऑगस्ट २००५

प्रिय मंजू,

काल फुलबाजारात यादव भाऊजी भेटले, तुमच्या फुलांच्या दुकानाचा माल न्यायला आले होते. तू शाळेला रजा टाकलीस, धड जेवत नाहीस, आणि उदासीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आठवड्यातच बंद केल्यास, असं त्यांच्याकडून कळलं. 'काही उपयोग नाही' म्हणालीस म्हणे. गुलाबाच्या जुड्या तशाच टाकून मी भर बाजारात रडले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मी तुझ्याकडे आले नाही, तेव्हा पाठ धरलीय असा निरोप सासूबाईंनी दिला होता. पाठ ठणठणीत होती गं. मी अंथरुणातून उठतच नव्हते. माझी पिंकी बोलायची ते कानावर पडायचं, पण त्याला उत्तर द्यायचं असतं हेच सुचायचं नाही. फवारणीच्या औषधांच्या खोलीला आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, नवं कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या बंडीत ठेवली. का ते मला कळलं होतं.

मग नाशिकच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी गोळ्या दिल्या. आता आमच्या घरचा औषधाचा अनुभव काय, तर गुलाबावर माव्याची कीड पडली की फवारायचं, दोन-तीन दिवसांनी पानं उलटून बघायची, आणि मावा मेला नसेल तर कृषी केंद्रवाल्याशी भांडून दुसरी बाटली आणायची. सगळे तसंच माझं तोंड निरखायला लागले. आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात आबांनी बाईंनाच जाऊन विचारलं, "नाय लागू पडलं. डबल डोस देऊन बघू का?" मंजू, कित्येक महिन्यांत मला पहिल्यांदा हसू येईलसं वाटलं. आलं नाही, पण वाटलं.

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, अशी उदासी मुक्कामाला राहिली की मेंदूतल्या पेशींच्या बारीक फांद्या आखडतात, त्यांची आपसातली जोडणी कमजोर होते. म्हणून काही आठवत नाही, काही ठरवता येत नाही. गोळी रक्तात लगेच पोचते, पण त्या फांद्या पुन्हा फुटायला आठवडे लागतात. मेंदू मोठेपणीही बदलतो, असं आता संशोधक मानतात. गोळी त्याला वळायला तयार करते, वळण मात्र चालण्याबोलण्यातून, रोजच्या कामातून लागतं. आणि डोस वाढवायचा की थांबवायचा ते मी ठरवीन, असंही त्यांनी आबांना बजावलं.

सासूबाईंना यातलं किती कळलं देव जाणे, पण रोज सकाळी हात धरून उठवायच्या. "चल सुवर्णा. लय नाय, येक वाफा तोड नि बस." मी मनातल्या मनात शिव्या घालायचे. एक वाफाही पुरा व्हायचा नाही. महिना उलटून गेल्यावर एकदा गुलाबाचा काटा खचकन बोचला आणि मी "आई गं" म्हणून ओरडले. दुखलं म्हणून एवढा आनंद झालेली मीच एक असेन. अजूनही वाईट दिवस येतात, नाही असं नाही. पण ते जातात.

हे सगळं समोर बसून सांगायला गेले असते तर रडण्यात निम्मं राहून गेलं असतं, म्हणून लिहून काढलं. टपालात मात्र टाकणार नाही. त्या दिवसांत मला दोन ओळींपुढे वाचता यायचं नाही, तुझीही तीच गत असणार. म्हणून शनिवारी सकाळच्या बसने चांदवडला येऊन मीच तुला हे वाचून दाखवणार आहे. तेव्हा हे ऐकते आहेस, म्हणजे मी तुझ्या शेजारी बसलेय. भाऊजींनी तुझ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, रिक्षा दारात उभी आहे. बरं वाटेल यावर तू विश्वास ठेवायची गरज नाही, तो सध्या मी ठेवते. तू फक्त चपला घाल.

तुझीच, इथे शेजारी बसलेली,
सुवर्णा