आधी मेंदी, मग नीळ

९ सप्टेंबर १८८८, रविवार. ठाणे

तिनं मला काका म्हटलं.

कल्याणच्या वाचनालयात पगडी काढून घाम पुसत होतो. मागून आवाज — "काका, वरचं ते पुस्तक जरा काढून देता का?" वळून पाहतो तर मालन. कर्णिकमास्तरांची मालन. एकोणीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिकवते, गाव तिला घोडनवरी म्हणतं, आणि मी सहा महिने तिच्यापायी आगगाडीनं पुस्तकं बदलायला जातो. पुस्तक काढून दिलं. काकांनी आणखी काय करायचं असतं?

वय तेवीस. डोकं आणि मिशी निम्मी पांढरी. आणि आमचे भाऊ — वडील, कचेरीतले शिरस्तेदार, वय त्रेपन्न — शेंडीत औषधाला पांढरा केस नाही! हे माझ्याकडे कुठून आलं विचारलं तर म्हणतात, "प्रोफेसराशी भांडून कॉलेज सोडलंस. रिकाम्या डोक्यात दुसरं काय पिकणार?"

११ सप्टेंबर

भाऊंनी मास्तरांकडे माझ्यासाठी शब्द टाकला आहे. मास्तर पितृपक्ष संपला की मला पाहायला येणार. म्हणजे घरी जाऊन ते सांगणार, मुलगा असा असा; आणि ती म्हणणार, अगबाई, ते तर काका.

तेव्हा ठरलं. केस काळे करायचे. पण कशानं?

आवडाआत्या म्हणते, माका नि आवळकाठी लोखंडी कढईत महिनाभर मुरव. तोवर मीच मुरेन. वर्तमानपत्रात मुंबईच्या एका बाटलीची जाहिरात आहे, 'मेघासही लाजवील'. मेघ लाजून काय करणार? भिवा न्हावी म्हणाला, "आधी मेंदी, मंग नीळ. उलटं केलंव तर मना बोलवू नका."

"तुला रे काय माहीत?"

"आसतान येकेक गिऱ्हाईक."

मी दोन टर्म सायन्स शिकलेला माणूस. काळं व्हायचंय तर आधी लाल कशाला?

१४ सप्टेंबर

मिशी हिरवी झाली.

१५ सप्टेंबर

अजून हिरवीच. भाऊ जेवताना बराच वेळ पाहत होते. मग शांतपणे — "गोकुळाष्टमी होऊन गेली रे. आता मोरपीस काढून ठेव."

पानावरून उठलो. नंतर आत्यानं झाकून ठेवलेलं खाल्लं.

१७ सप्टेंबर

भिवाला बोलावलं. मिशीकडे बघून नुसता हसला. बोलला असता तर बरं. आधी मेंदी, मग नीळ, मध्ये दोन-दोन तास ओल्या फडक्यात डोकं बांधून बसणं. पण काम झालं — काळाभोर! आरशात एक देखणा इसम होता. भिवा म्हणाला, दर दुसऱ्या रविवारी लावावं लागेल, मुळं वर येतात. आणि घाम पुसायचा नाही, टिपायचा. या दिवसांतलं ऊन आणि टिपायचा! उशीचा अभ्रा दौत सांडल्यासारखा झाला आहे.

भाऊंचं बरं आहे. दर दुसऱ्या रविवारी भिवाला घेऊन माडीवर दार लावून बसतात, डोक्याला तेल चोळून घेतात, संपलं.

१९ सप्टेंबर

वाचनालय. आज ती आपणहून बोलली! म्हणाली, "आपले काका हल्ली येत नाहीत?"

"कोण काका?"

"चेहरा अगदी आपल्यासारखा. मिशा पिकलेल्या."

"ते... गावी गेले."

"चांगले होते हो," ती म्हणाली. "पुस्तक फुंकून, धूळ झटकून द्यायचे."

जगात स्वतःचाच मत्सर वाटणारा मी पहिला गाढव असेन.

२१ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. आमच्या घरात पंधरा दिवस वस्तरा नाही, तेल नाही, कलप तर विचारूच नका. भिवाला मागच्या दारानं बोलावून पाहिलं. "भाऊंच्या घरात? मना पोरंबाळं हायत," म्हणाला.

२ ऑक्टोबर

मुळाशी पांढरं, मध्ये तांबूस, टोकाला काळं. मिशी नव्हे, निशाण. मास्तरांचं पत्र — रविवारी, सात तारखेला येतो.

भाऊ घरातही पगडी काढत नाहीत. पितरांचा मान, म्हणे. दाढीचे खुंट मात्र पांढरेशुभ्र आले आहेत. मी म्हटलं, "हे काय?" म्हणाले, "तोंडाला ऊन लागतं. डोक्यावर पगडी असते." यावर कॉलेजात काही शिकवलं नव्हतं.

मिशीची कटकट त्यांना नाहीच. आजोबा गेले तेव्हा उतरवली, ती पुन्हा ठेवली नाही.

४ ऑक्टोबर

संतापाच्या भरात मिशी काढून टाकली. आपल्याच हातानं. म्हटलं, साहेबलोक नाही काढत?

आत्या किंचाळली. "अरे मेल्या, बाप जिवंत आहे ना तुझा!" आमच्यात बाप असेतो मिशीला वस्तरा लागत नाही. ठाऊक होतं. रागात आठवत नाही.

तसाच बाजारात गेलो. मास्तरांचे शेजारी भेटले. माझ्या तोंडाकडे पाहिलं, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "धीर धरा." मला वाटलं, कॉलेजचं बोलतात. उसळलो — "मला त्याचं काडीचं दुःख नाही! उलट सुटलो म्हणा." त्यांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. मग स्टेशनाकडे गेले.

आता लिहिताना लख्ख प्रकाश पडतो आहे.

६ ऑक्टोबर

सकाळी कचेरीतले दोघे सांत्वनाला आले. ओटीवर भाऊ. "बसा," म्हणाले, "मीही बसतो. कोण गेलं?"

दुपारी मास्तरांचं पत्र. भाऊंच्याच हाती पडलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं. तीर्थरूप निवर्तल्याचे ऐकून दुःख झाले. 'उलट सुटलो' हे आपले उद्गारही ऐकले. तरी मालनसाठी खडवलीचे स्थळ पाहत आहे.

स्वतःच्या मरणाचं पत्र वाचून भाऊंनी चष्मा पुसला. "अक्षर चांगलं आहे मास्तरांचं," म्हणाले.

मी भाऊंना 'काका'पासून सगळं सांगून टाकलं, म्हटलं, आता संपलं. रडलो. कोणाला दिसू नये म्हणून विहिरीवर तोंड धुऊन आलो.

७ ऑक्टोबर, रविवार

भिवा आला होता. भाऊंनी दाढी करवली नि त्याला परत पाठवलं. "आज तेल नको, वेळ नाही." भर दुपारच्या गाडीनं एकटे कल्याणला गेले. दिवेलागणीला परत आले, घामानं निथळत, अंग कापत होतं. पण हसत होते.

"मास्तर दारात मला बघून दोन पावलं मागं सरले. म्हटलं, हात लावून पाहा. सगळं सांगितलं. काका, हिरवी मिशी, सगळं."

"तिच्यासमोर?"

"आतून हसू ऐकू आलं. मग बाहेर येऊन मलाच विचारते, काका गावाहून परत कधी यायचे? आले तर तेच बरे, म्हणाली."

खडवली रद्द. दसऱ्याला मास्तर स्वतः सोनं घेऊन येणार. लग्न मार्गशीर्षात!

१० ऑक्टोबर

भाऊंना हीव भरून येतं. डॉक्टरनं क्विनीन दिलं. पगडी काढू देत नाहीत.

१३ ऑक्टोबर

ताप उतरेना. कपाळावर ओली पट्टी ठेवायची म्हणून मीच पगडी काढली.

शेंडीच्या मुळाशी बोटभर पांढरं. त्यापुढे थोडं तांबूस. त्यापुढे काळं.

पट्टी पिळून कपाळावर ठेवली. त्यांनी डोळे उघडले. "बाविसाव्या वर्षापासून," म्हणाले. "तुझ्या आईलाही कधी कळलं नाही. निदान ती तसं दाखवायची." मग — "परवा मास्तर येतील रे. लावशील?"

"अंगात ताप आहे, भाऊ."

"गार वाटेल. आधी मेंदी हं."

पहाटेपर्यंत बसून लावलं. नीळ धुताना म्हणाले, "भिवापेक्षा हात हलका आहे तुझा." मला शहाणा म्हटल्यासारखं वाटलं. आजवर म्हणाले नव्हते.

१५ ऑक्टोबर. दसरा

मास्तर सोनं घेऊन आले, ते खांदा द्यायला थांबले. जाताना म्हणाले, मालन वर्षभर थांबेल.

भिवानं मिशी उतरवली. दहा-अकरा दिवसांचे खुंटच होते, तरी उतरवली. माझ्या बोटांची नीळ अजून गेलेली नाही.