अकरा दिवसांची वाट

दोनशे चौदा यार्ड चुन्याशिवाय रचलेली दगडी भिंत, प्रार्थनाघरातल्या जुन्या बाकाचे केलेले एक मेज, पाच कादंबऱ्या, आणि त्यांतल्या देशाचा कापडावर शाईने काढलेला नकाशा: एवढे मी माझ्या हातांनी केले. तो मी, लेनर्ड सगडन, वय ५६, राहणार ग्रासिंग्टन, यॉर्कशायर. शाळा पंधराव्या वर्षी सुटली. डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. कोणाच्या दबावाखाली नव्हे, तर वीट आला म्हणून हे लिहीत आहे. आधीची मृत्युपत्रे रद्द.

घर, त्याच्या गळक्या छपरासह, आणि बँकेतली शिल्लक पत्नी मॉरीन हिला.

भाऊ क्लिफर्ड याला अक्रोडांची एक पिशवी. भिंती रचायचा हातोडा वडिलांनी मला ठेवला होता; पण त्यांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून मीच सही ठोकली, आणि साक्षीदाराला कायद्याने काही मिळत नाही. हातोडा क्लिफर्डकडे गेला. त्याने त्यावर अक्रोड फोडले.

जॉसलिन फेअरफॅक्स, एकोणीस वर्षे माझा संपादक, याला माझे चालायचे बूट. कारण देतो. माझ्या पहिल्या पुस्तकात मीठवाले खाणीपासून बंदरापर्यंत अकरा दिवस चालतात. ते अंतर मी पाठीवर चाळीस पौंड ओझे घेऊन इथल्या माळावर चालून पाहिले. मॉरीन बरोबर होती. नवव्या दिवशी तिच्या टाचेचे फोड फुटले. ते पुस्तकात जसेच्या तसे आहेत. आता दूरदर्शन-मालिकावाल्यांना ही वाट लांब वाटते. जॉसलिन माझ्याच स्वयंपाकघरात माझाच चहा पीत म्हणाला, “लेन, तीन दिवस कर ना. कल्पनेतल्या देशात दिवस कोण मोजतंय?”

“मी मोजतो.”

“मग ड्रॅगनवर बसवून नेऊ त्यांना.”

“माझ्या देशात ड्रॅगन नाहीत, जॉसलिन. निदान वाचून तरी यायचंस.”

तो हसला. मी साखरेचा डबा उचलून फडताळात ठेवला.

पाचही पुस्तकांचे हक्क आणि अर्धवट सहावे मॉरीनला. वकीलबाई म्हणाल्या, “अट घाला, नाहीतर तुमच्या मागे त्या मालिकावाल्यांना सही देऊन मोकळ्या होतील.” अट घालणार नाही. मी तिला फक्त विचारले, “छपराचं काय करशील गं?”

“बादल्या आहेत की. आणि तू अकराचे दहा जरी केलेस ना, तर डॉक्टरची वाट न बघता मीच तुला पुरेन.”

अंत्यविधीत जॉसलिनने भाषण करू नये. चहा त्याला द्यावा, बिनसाखरेचा.

ग्रासिंग्टन, सोमवार, १४ नोव्हेंबर २०११.
(सही) लेनर्ड सगडन

आमच्या दोघांच्या समक्ष सही केली:
हॅरल्ड मेटकाफ, टपालवाला
डोरीन इनमन, ग्रंथपाल
(दोघांनाही यातून काही मिळत नाही. दोनदा तपासले आहे.)

सहीच्या खाली लिहिलेले कायदा धरत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे इथे लिहितो. हे कायद्यासाठी नाही. अकराचे तीन करायला मालिकावाल्यांना माझी एक सही हवी होती. कापायच्या आठ दिवसांत तो नववा दिवसही होता. मी नाही म्हणालो. देऊ केलेली रक्कम: चार लाख पौंड.